मिठाचा एक दाणा अख्ख्या फोटोभर: घरच्या घरी एक्स्ट्रीम मॅक्रो कसं करायचं

भडंगाच्या डब्याच्या तळाशी शेवटी जे उरतं ना, लसणाचे करपलेले तुकडे, दोन-चार शेंगदाणे आणि मीठ, त्यातला मिठाचा एक दाणा सुईच्या टोकावर उचलून मी पहिल्यांदा कॅमेऱ्यात चारपट मोठा करून बघितला तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते, आणि तो दाणा अगदी खोक्यासारखा चौकोनी निघाला, कोपरे जरा झिजलेले, एका बाजूला पायऱ्या पडलेल्या, वर तेलाचा पातळ थर. रोज चिमटीनं उचलून टाकतो ती वस्तू अशी दिसते हे मला चाळिशीपर्यंत माहीतच नव्हतं. तेव्हापासून घरातल्या लई वस्तू या लेन्सखाली जाऊन आल्या, आणि आता ओळखीचे लोक विचारतात की कसं करतोस, काय काय लागतं, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय.

मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे, दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि गेज, त्यामुळं मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची, भाषा ओळखीची होती, फोटोची नव्हती. पहिलं वर्षभर मी सगळे पैसे वस्तू अजून मोठी दिसावी यावरच घातले, आणि फोटो धुरकट ते धुरकटच येत राहिले. नंतर कळलं की वस्तू दहापट मोठी केली की तिचं हलणंपण दहापट मोठं होतं, तिच्यावरची धूळ मोठी होते, सावलीची कडा मोठी होते. म्हणून माझं सांगणं असं की आधी टेबल स्थिर करा, मग उजेड मऊ करा, आणि लेन्सवर खर्च शेवटी करा, आणि खाली जे लिहिलंय ते वाचतानापण हा क्रम डोक्यात ठेवा.

आधी 'एक्स' म्हणजे काय ते एकदा बघून घेऊ कारण इथं बराच गोंधळ असतो. एक मिलिमीटरची वस्तू कॅमेऱ्याच्या सेन्सरवर (आत चित्र टिपणारी चिप असते तिच्यावर) एक मिलिमीटरचीच पडली तर ते एक एक्स, चार मिलिमीटरची पडली तर चार एक्स. मॅक्रो म्हणून विकली जाणारी बहुतेक लेन्स एक एक्सपर्यंत जाते, त्याच्यापुढचं सगळं एक्स्ट्रीम म्हणायचं. माझ्या कॅमेऱ्याची बॉडी जुनी कॅननची आहे, तिचा सेन्सर २२.३ मिमी रुंद, म्हणजे चार एक्सला फोटोत साडेपाच मिमी मावतात आणि दहा एक्सला जेमतेम सव्वादोन. आपली जोडणी किती एक्स देतेय हे अंदाजानं ठरवू नका, स्टीलची पट्टी घ्या, तिचा फोटो काढा, डावीकडून उजवीकडं किती मिलिमीटर दिसतात ते मोजा आणि सेन्सरच्या रुंदीला त्यानं भागा. पाच मिमी दिसले तर साधारण साडेचार एक्स. हा पट्टीचा फोटो प्रत्येक वेळी पहिला काढून ठेवायचा, पुढं कामाला येतो.

सगळ्यात स्वस्त सुरुवात म्हणजे कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ची लेन्स उलटी लावायची. त्यासाठी रिव्हर्स रिंग मिळते, काहीशे रुपयांत येते, एका बाजूला कॅमेऱ्याचा माउंट (लेन्स बसते ती कडी) आणि दुसऱ्या बाजूला फिल्टरचे आटे, तुमच्या लेन्सच्या पुढं ५८ किंवा ५२ असं काय लिहिलंय ते बघून तीच मागवा. उलटी लावली की १८ कडं फिरवल्यावर तीनपटीच्या वर जाते आणि ५५ कडं एकपटीच्या आसपास येते, म्हणजे नेहमीच्या एकदम उलट. वस्तू लेन्सपासून चार-साडेचार सेंटिमीटरवर ठेवावी लागते आणि फोकसची रिंग फिरवून फार काही होत नाही, कॅमेरा किंवा वस्तूच पुढंमागं सरकवायची. एक अडचण आहे, लेन्स उलटी झाली की कॅमेऱ्याचा तिच्याशी संपर्क तुटतो, मग अपर्चर, म्हणजे लेन्समधलं लहानमोठं होणारं भोक, कसं ठरवायचं? कॅननवाल्यांनी लेन्स सरळ लावून एफ ५.६ करायचं, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरायचं (काही बॉडीत ते मेनूतून एखाद्या बटणाला नेमावं लागतं) आणि बटण दाबलेलं असतानाच लेन्स काढायची, अपर्चरची पाती तिथंच थांबतात. निकॉनची जुनी, अपर्चर रिंगवाली ५० मिमी असेल तर काही करायलाच नको, रिंग फिरवा आणि झालं, पण ५० मिमी उलटी लावली तर साधारण एकपटच मिळते, तिच्यामागं एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे घालायची पोकळ नळी) लावून वाढवावं लागतं.

इथं बरेच जण एफ १६, एफ २२ करतात की फोकस जास्त खोल मिळेल, आणि मग फोटो मऊ का आला म्हणून लेन्सला दोष देतात. एवढ्या मोठेपणाला अपर्चरचा आकडा जो दिसतो तो खरा राहत नाही, त्याला ढोबळमानानं एक अधिक एक्स एवढ्यानं गुणायचं. तीन एक्सला एफ १६ म्हणजे प्रत्यक्षात एफ ६४ झालं, आणि तिथं प्रकाशच इतका पसरतो की कुठलीच लेन्स धारदार राहत नाही. म्हणून दोन-तीन एक्सला एफ ४ ते ५.६ च्या मधे राहायचं आणि फोकसची खोली स्टॅकिंगनं, म्हणजे बरेच फोटो काढून ते जोडून, मिळवायची, ते पुढं सांगतो.

याच्या वरची पायरी म्हणजे मायक्रोस्कोपचं ऑब्जेक्टिव्ह, त्याची वस्तूकडची छोटी लेन्स, आणि माझ्या मते रुपयाला सगळ्यात जास्त धार इथं मिळते. शाळा-कॉलेजात असतात त्या अंबाल्यात बनलेल्या मायक्रोस्कोपवर जे चार एक्सचं ऑब्जेक्टिव्ह असतं, ज्यावर ४, ०.१० आणि खाली १६०/०.१७ असं कोरलेलं असतं, तेच. मिरज दवाखान्यांचं गाव असल्यामुळं लॅबचं जुनं सामान तिथं चौकशी केली तर सापडतं, मला माझं तसंच मिळालं. १६० लिहिलेलं ऑब्जेक्टिव्ह सेन्सरपासून साधारण १५० मिमीवर बसलं पाहिजे. कॅनन ईएफच्या बॉडीत माउंटपासून सेन्सरपर्यंत ४४ मिमी आधीच असतात, म्हणजे माउंटच्या पुढं १०६ मिमीची नळी करायची, निकॉन एफला साडेशेहेचाळीस धरून तेवढी कमी. दोन-पाच मिलिमीटर इकडंतिकडं झालं तर काही बिघडत नाही. १६० च्या जागी आडव्या आठचं चिन्ह असेल तर ते ऑब्जेक्टिव्ह असं नळीवर चालत नाही, त्याच्यामागं अनंतावर फोकस केलेली २०० मिमीच्या आसपासची लेन्स लागते.

नळीसाठी मी एक्स्टेन्शन ट्यूबचे तुकडे वापरले आणि पुढचा अडॅप्टर लेथवर करून घेतला. आपल्याकडं हे फार सोपं आहे, कुपवाडला, मिरजेला, माधवनगरला चांगले टर्नर आहेत, ॲल्युमिनियमचा एक तुकडा आणि थोडा वेळ लागतो. आटे मात्र नीट सांगा, ऑब्जेक्टिव्हचे आटे मेट्रिक नसतात, २०.३२ मिमी व्यास, इंचाला ३६ आटे, ५५ अंशाचा व्हिटवर्थ. माझा पहिला अडॅप्टर ०.७५ मिमीच्या पिचवर (दोन आट्यांमधलं अंतर) पाडला गेला, ऑब्जेक्टिव्ह दीड फेरा गेलं आणि वाकडं अडकलं, कारण ३६ आट्यांचं पिच ०.७०५ पडतं आणि तेवढा फरक दोन आट्यांतच जाणवतो. जाताना ऑब्जेक्टिव्ह बरोबर न्या आणि तिथंच फिरवून बघा. नळीच्या आतल्या बाजूला काळा मखमली कागद चिकटवा, चकचकीत ॲल्युमिनियममुळं फोटोच्या मधोमध पांढुरका डाग येतो आणि तो नंतर कशानंच जात नाही.

दहा एक्स ०.२५ चं ऑब्जेक्टिव्हपण याच नळीवर चालतं, पण चारवर हात बसल्याशिवाय त्याच्या नादी लागू नका, वस्तू आणि काच यांच्यामधे काही मिलिमीटरच उरतात आणि तेवढ्यातून उजेड आत घालायचा असतो. चाळीस एक्सचा विचारच करू नका, त्याची काच वस्तूला जवळजवळ टेकते.

मोबाइलवरच करायचं असेल तर क्लिपवाली मॅक्रो लेन्स घ्या, मोबाइल हातात न धरता दोन पुस्तकांवर आडवा ठेवा, बाकी उजेडाचं आणि साफसफाईचं जे खाली लिहिलंय ते तसंच लागू.

आता स्थिरतेचं. कॅमेरा ट्रायपॉडवर आणि वस्तू वेगळ्या टेबलवर, असं कधीच करायचं नाही. दोन्ही एकाच कडक पाटावर पाहिजेत, म्हणजे हललं तरी दोन्ही एकत्र हलतं आणि फोटोला कळत नाही. मी फरशीवाल्याकडून कडप्प्याचा उरलेला दीड फुटी तुकडा आणला, कटिंगमधला वाया गेलेला होता, त्यावर एका टोकाला कॅमेरा बोल्टनं पक्का केला आणि दुसऱ्या टोकाला वस्तूचा सरकता ठोकळा. कडप्पा जड आहे, वाकत नाही, दमटपणानं फुगत नाही. त्याच्याखाली स्कूटरची जुनी ट्यूब अर्धीच हवा भरून ठेवली, पूर्ण फुगवली तर उपयोग होत नाही, दाबल्यावर बोट जरा आत गेलं पाहिजे. एवढ्या दोन गोष्टींनी माझ्या फोटोत जो फरक पडला तो त्याआधी घेतलेल्या कुठल्याच लेन्सनं पडला नव्हता.

किती हलतंय ते डोळ्यांनी बघता येतं. लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चालू चित्र) चालू करा, दहापट झूम करा आणि टेबलावर बोटानं हलकी टिचकी मारा, चित्र पाण्यासारखं डोलतं, ते शांत व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. तेवढे सेकंद प्रत्येक फोटोआधी थांबायचं. माझ्याकडं आधी सहा-सात सेकंद लागायचे, आता दोन लागतात, म्हणून दोन सेकंदांचा टायमर पुरतो. पंखा बंद, खोलीत फिरणं बंद, जमिनीलगतची खोली असेल तर ती घ्या, माडीवरचा स्लॅब बारीक हलत असतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू झाला की शेजारच्या खोलीतपण जाणवतो. आणि नोव्हेंबर ते मार्च आमच्या रस्त्यानं रात्रभर उसाचे ट्रॅक्टर जातात, मागं दोन-दोन ट्रॉल्या भरलेल्या, तो आवाज लांबून आला की मी हात थांबवतो, गाडी पुढं जाऊन आवाज विरेपर्यंत एकही फ्रेम घेत नाही, नाहीतर साठ फ्रेममधल्या तीन हललेल्या निघतात आणि अख्खा स्टॅक बिघडतो. मिरर लॉकअप किंवा लाइव्ह व्ह्यूमधला सायलेंट शटर असेल तर तो लावा, कॅमेऱ्याचा आरसा वर उडतो तो धक्कासुद्धा चार एक्सला स्पष्ट दिसतो.

उजेड दोन प्रकारे देता येतो. फ्लॅश कमी पॉवरवर लावला तर त्याचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात संपतो, त्यामुळं थोडंफार हललं तरी फोटोत गोठतं, ज्यांच्या घरी शांतता मिळत नाही त्यांनी फ्लॅशच वापरावा. मी एलईडी वापरतो कारण काय दिसतंय ते आधी बघून वस्तू फिरवता येते. साधे दोन टेबललॅम्प, आयएसओ १००, शटर एक-दोन सेकंद. स्वस्त एलईडी लुकलुकतात आणि झटपट शटरला फोटोत आडवे पट्टे येतात, सेकंदभराच्या शटरला तो प्रश्न उरत नाही. लॅम्प लावल्यावर अर्धा तास तसंच राहू द्या, उष्णतेनं धातूची पट्टी, डिंक, सगळं मायक्रॉनमधे सरकत असतं आणि पहिल्या अर्ध्या तासात फोकस आपोआप पळत राहतो, हे मला मशीनवरच्या कामामुळं लवकर ओळखू आलं.

उघडा उजेड वस्तूवर कधी टाकायचा नाही. बारीक वस्तूवर, त्यातून धातू किंवा काचेसारखं काही असेल तर, बल्बचा पांढरा ठिपका पडतो आणि आजूबाजूचं सगळं काळं होतं. चहाचा पांढरा कागदी कप घ्या, तळ कापून टाका, तो वस्तूभोवती उभा करा आणि दोन्ही लॅम्प बाहेरून कपावर मारा, आत सगळीकडून मऊ उजेड येतो. टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून मधे लेन्सएवढं भोक पाडलं तर त्याहून छान, दहा एक्सला मी तोच वापरतो. ट्रेसिंग पेपरचा डबल थरपण चालतो. फक्त दोन्ही लॅम्प सारख्याच अंतरावर ठेवू नका, एक जवळ एक लांब, नाहीतर वस्तू चपटी दिसते, उंचवटे कळत नाहीत.

वस्तू धरायला मुलांच्या क्लेचा गोळा किंवा ब्लू-टॅक, आणि लहान दाण्यांसाठी सुईच्या टोकाला अगदी नखाच्या टोकाएवढा डिंक. धूळ हा मोठा ताप आहे. रबरी ब्लोअरनं फुंकायचं, तोंडानं नाही, तोंडातला दमटपणा मिठाला लगेच धरतो. मऊ ब्रशनं झाडलं तर ब्रशचाच धागा मागं राहतो, म्हणून लाइव्ह व्ह्यूमधे बघत बघत साफ करायचं. दहा मिनिटं साफसफाईत घातली की पुढं कॉम्प्युटरवर तासभर ठिपके पुसायचं वाचतं.

आता स्टॅकिंग, म्हणजे या सगळ्याचा गाभा. चार एक्स ०.१० च्या ऑब्जेक्टिव्हला एका फोटोत साधारण ५५ मायक्रॉन खोलीच स्पष्ट येते, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीएवढी. दहा एक्स ०.२५ ला ती नऊ मायक्रॉनच्या आत येते. म्हणून वस्तूच्या सगळ्यात पुढच्या बिंदूपासून सगळ्यात मागच्यापर्यंत थोडं थोडं सरकत फोटो काढायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग जोडायचा. प्रत्येक पाऊल त्या खोलीपेक्षा जरा कमी, चार एक्सला ४० मायक्रॉन, दहा एक्सला ६. काडेपेटीतल्या काडीचं डोकं समोरून काढायचं तर त्याची सव्वा मिलिमीटर खोली धरा, भागिले ४०, म्हणजे तीसेक फोटो. मिठाचा ०.४ मिमीचा दाणा दहा एक्सला, भागिले ६, म्हणजे सत्तरच्या घरात.

एवढं बारीक सरकवायचं कसं? मोटरवाली रेल मिळते पण महाग आहे. एम ६ बोल्टचं पिच एक मिलिमीटर असतं, पूर्ण फेऱ्याला वस्तूचा ठोकळा एक मिलिमीटर पुढं जातो, म्हणून बोल्टच्या डोक्यावर पुठ्ठ्याची मोठी चकती चिकटवून तिचे २४ सारखे भाग पाडले की एक घर म्हणजे जवळजवळ ४२ मायक्रॉन, चार एक्सचं काम झालं. चकती जितकी मोठी तितकी घरं स्पष्ट, मी जेवणाच्या ताटाएवढी केली होती. आता मी बोल्टऐवजी मायक्रोमीटर हेड लावलंय, त्याचं एक घर दहा मायक्रॉन, चार एक्सला चार घरं, दहा एक्सला अर्ध्या घराला जरा जास्त. जुना मायक्रोस्कोप अख्खा मिळाला तर त्याच्या फाइन फोकसच्या नॉबवर वस्तू बसवणं याहून सोपं, बऱ्याच नॉबवर रेघा कोरलेल्या असतात, एका घराला किती सरकतं ते डायल गेजनं एकदा तपासून घ्या.

सरकवताना एकाच दिशेनं सरकायचं. मधेच एक पाऊल जास्त गेलं असं वाटलं तर मागं फिरवू नका, स्क्रूमधे बॅकलॅश असतो, मागं फिरवल्यावर चकती फिरते पण ठोकळा जागचा हलत नाही, आणि मग त्या जागी दोन फोटो एकसारखे आणि पुढं एक मोठी फट. लेथवर काम केलेल्या माणसाच्या हातात हे बसलेलं असतं. फारच चुकलं तर पूर्ण मागं जाऊन पुन्हा सुरुवातीपासून या. सुरुवात पहिल्या स्पष्ट बिंदूच्या दोन पावलं आधी करायची आणि शेवटही दोन पावलं पुढं. एक्सपोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स एकच ठरवलेला, काहीही ऑटो नको, नाहीतर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा होतो आणि जोडताना पट्टे दिसतात.

जोडायला हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर ही दोन सॉफ्टवेअरं विकतची आणि चांगली, दोन्ही काही दिवस फुकट वापरून बघता येतात. पिकोले फुकट आहे, आणि ज्याला कमांड टाइप करायचा कंटाळा नाही त्यानं हगिन नावाच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारं अलाइन इमेज स्टॅक आणि एन्फ्यूज वापरावं, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. झेरीनमधे पीमॅक्स आणि डीमॅप अशा दोन पद्धती असतात. केस, धागे, एकमेकांवरून गेलेल्या तारा असं काही असेल तर पीमॅक्स, कारण पुढची आणि मागची कड दोन्ही सांभाळते, पण रंग जरा भडक करते आणि दाणेदारपणा वाढवते. नाणं, हाड, कागद अशा सलग पृष्ठभागाला डीमॅप, रंग खरे राहतात. मी बहुतेक वेळा दोन्ही करतो, डीमॅप खाली ठेवतो आणि कडांभोवती जिथं धुरकट वलय येतं तिथं पीमॅक्समधला भाग ब्रशनं घालतो. पट्टीचा फोटो काढून ठेवला असेल तर कोपऱ्यात अर्ध्या मिलिमीटरची रेघ काढा, बघणाऱ्याला अंदाज येतो.

पहिली वस्तू म्हणून वर्तमानपत्रातला रंगीत फोटो घ्या. निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे असे चारच रंगांचे ठिपके दिसतात, माणसाचा गाल म्हणजे नुसते गुलाबी-पिवळे ठिपके. कागद सपाट असल्यामुळं स्टॅकिंग लागत नाही आणि कॅमेरा सरळ आहे की तिरका हे लगेच कळतं, चारही कोपरे एकदम स्पष्ट आले पाहिजेत, एक कोपरा मऊ असेल तर आधी ते जुळवा आणि मग पुढं जा. दुसरं नाणं, सालाच्या खाली बघा, हिऱ्याचा आकार असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. वापरलेलं नाणंच घ्या, कोऱ्यापेक्षा त्याच्यावर बघण्यासारखं जास्त असतं. काडीच्या डोक्यावर फुटलेल्या बुडबुड्यांचे खड्डे असतात आणि मधे काचेची पूड चमकते. बॉलपेनची गोळी अवघड आहे, सात दशांश मिलिमीटरच्या त्या गोळीत अख्खी खोली आणि लेन्सचं तोंडसुद्धा उमटतं, कप नीट लावलाय की नाही याची परीक्षा तिच्यावर होते. शिवायच्या सुईचं टोकपण घ्या, रॉबर्ट हूकनं १६६५ साली मायक्रोस्कोपमधून बघून काढलेली चित्रं छापली त्यात सुरुवात सुईच्या टोकानं आणि छापील पूर्णविरामानं आहे, मग वस्तऱ्याची धार. नव्या सुईचं टोकसुद्धा बोथट आणि ओरखडलेलं दिसतं, त्यानंही तेच लिहून ठेवलंय.

साखर आणि मीठ एकत्र काढा, हे मला फार आवडतं. जुना एलसीडी मॉनिटर पांढरा करून मागं ठेवा, त्याच्यातून येणारा उजेड पोलराइज्ड असतो, पुढं काचेच्या पट्टीवर दोन-चार साखरेचे आणि मिठाचे दाणे, आणि दाणे आणि लेन्स यांच्यामधे पोलराइज्ड गॉगलची काच. ती काच हळूहळू फिरवा, एका ठिकाणी मागचा पांढरा पडदा काळा होतो, आणि त्याच वेळी साखरेचे दाणे रंगांनी पेटतात, जांभळा, हिरवा, केशरी, जाडी बदलेल तसा रंग बदलतो. मिठाचे दाणे काळेच राहतात, फार तर कडा चमकतात, कारण मिठाचा स्फटिक घनाकार असतो आणि त्यातून जाताना प्रकाशाचे दोन भाग होत नाहीत. यासाठी बारीक एस ३० साखर घ्या, एम ३० चा दाणा जाड पडतो आणि रंग एकमेकांत मिसळून फिके होतात. यात लेन्सपुढं जागा लागते म्हणून उलटी लावलेली लेन्सच बरी.

हळद सांगलीकरांना सोडता येणार नाही. पुडीतली काढू नका, हळकुंड मोडा आणि मोडलेली बाजू काढा. शिजवून वाळवलेलं हळकुंड आत शिंगासारखं घट्ट आणि चकचकीत असतं, शिजवताना पिष्ट फुगून एकजीव झालेलं असतं म्हणून, आणि दोन एक्सला तो नारिंगी रंग जितका खोल दिसतो तितका मी दुसऱ्या कुठल्याच वस्तूत बघितलेला नाही. खोली अंधारी करून नोटा तपासायची यूव्ही बॅटरी मारली आणि हळदीच्या चिमटीवर सॅनिटायझरचा थेंब सोडला तर थेंब पसरत जाईल तसा हिरवट पिवळा उजळतो. शटर लांब ठेवा, थेंब उडून जायच्या आत दोन-तीन फोटो होतात, आणि बॅटरीकडं थेट बघू नका.

आणि मिरजेत कुणी ओळखीचं असेल तर सतारीची जुनी, काढून टाकलेली घोडी (तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) मागून आणा. मी एका कारागिराकडून आणली होती, हाडाची. जवारी काढताना, म्हणजे सूर नीट यावा म्हणून घोडीचा वरचा भाग घासताना, तो कानस किती हलक्या हातानं फिरवतो ते बघितलं होतं, पण तार वर्षानुवर्षं घासून त्या पृष्ठभागावर काय करते ते दोन एक्सला पहिल्यांदा दिसलं, प्रत्येक तारेखाली एक बारीक चर, चराच्या तळाशी काळपट धातूची रेघ, आणि बाजेच्या, म्हणजे मुख्य वाजवायच्या तारेचा चर इतरांपेक्षा रुंद कारण ती तार वाजवताना आडवी ओढली जाते. उजेड एकाच बाजूनं, अगदी खालून तिरका दिला तेव्हाच चर उठून दिसले, सगळीकडून मऊ उजेड दिला तर हाड नुसतं पांढरं येतं. अठ्ठावीस फ्रेम, डीमॅप. प्रिंट काढून त्याला नेऊन दिली, त्यानं ती खिडकीजवळ धरून बराच वेळ बघितली आणि एका चरावर बोट ठेवून सांगितलं की इथं सूर मरत होता म्हणून ही घोडी काढली.

पावसाळ्याचं तेवढं सांभाळा. जून ते सप्टेंबर मीठ-साखरेचं काम करूच नका, दाण्याला पाणी सुटतं आणि वीस फ्रेम होईपर्यंत कडा गोल होतात, तेव्हा नाणी, सुया, तारा घ्या. ऑब्जेक्टिव्ह नळीवरून काढून हवाबंद स्टीलच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, जेलचे दाणे निळ्याचे गुलाबी झाले की मंद तव्यावर परतून पुन्हा निळे करून घ्या, माझं एक दहा एक्सचं ऑब्जेक्टिव्ह कपाटात उघडं राहिलं आणि दोन पावसाळ्यांत आतून बुरशीचं जाळं धरून बसलं, ते उघडून साफ करता येत नाही.